उघड्या गाडीतून युटाची जंगलं, आणि आबांचा पाल घाट

सावदेकर

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. दर उन्हाळ्यात इथे कोणीतरी विचारतं, अमेरिकेत लेकीकडे चाललोय, नॅशनल पार्क पाहायचे आहेत, तिथे ती वरून उघडणारी गाडी भाड्याने घ्यावी का, की पैसे वाया जातील? आम्ही दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या शेवटी अशा गाडीतून अमेरिकेच्या युटा राज्यात पाच दिवस फिरलो. मी, आबा, आई आणि धाकटी बहीण.

आधी आबांबद्दल सांगतो. माझे वडील वनखात्यात ड्रायव्हर होते. नोकरीची बरीच वर्षं पालला, जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यात गेली. त्यांच्याकडे खात्याची जुनी जीप होती, ताडपत्रीच्या टपाची. होळी झाली की टप उतरवायचा, पुढची काच बोनेटवर आडवी पाडायची आणि जाळरेषेवरून, म्हणजे वणवा अडवायला जाळून मोकळ्या ठेवलेल्या पट्टीवरून, फिरायचं. टपाखाली बसलं की वणव्याचा वास उशिरा लागतो, असं ते सांगायचे. शाळेच्या सुट्टीत मीही मागच्या बाकावर असायचो. मोहाचा वास, सालईच्या डिंकाचा वास, पानगळीतल्या सागाच्या पानांवरून चाक गेलं की होणारा पापड मोडल्यासारखा आवाज, हे सगळं मला त्या जीपमुळे माहीत आहे. पुढे घरात एसी गाडी आली आणि जंगल काचेपलीकडे गेलं.

बहीण लास वेगासजवळ हेंडरसनला राहते. आबांसाठी उघडी गाडी घ्यायची हे तिने आम्ही पोचायच्या आधीच ठरवलं होतं. आईचा विरोध होता. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात ४५ डिग्रीला भर दुपारी बाहेर पडू नये हे तिला पक्कं माहीत, आणि हा तर वाळवंटी मुलुख. तिचं म्हणणं अर्धं खरं ठरलं, ते पुढे येईलच.

पहिला दिवस नुसता पोचण्यात गेला. हेंडरसनहून झायन राष्ट्रीय उद्यानाला जाताना आंतरराज्य महामार्ग १५ लागतो. युटात शिरल्यावर वेगमर्यादा ताशी ८० मैलांपर्यंत, बाजूने मोठाले ट्रक. अशा रस्त्यावर टप उघडायची हौस दहा मिनिटांत फिटते. शेजारच्याशी बोलता येत नाही आणि मागे बसलेल्यांच्या तोंडावर वारा नुसता आदळतो. आम्ही टप लावून घेतला आणि स्प्रिंगडेलला मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी पाहिलं ते झायन. मुख्य दरीतल्या रस्त्यावर वर्षाचे बरेच महिने खाजगी गाडी नेता येत नाही, उद्यानाच्या बसनेच जावं लागतं. तेव्हा उघडी गाडी घेऊन दरीत हिंडू असं कोणी मनात धरलं असेल तर आधीच सोडून द्या. गाडीची मजा आहे ती पूर्वेकडच्या रस्त्यावर. आम्ही दुपार बसमध्ये आणि झाडाखाली काढली आणि पाच वाजता टप उघडून त्या रस्त्याला लागलो. डांबरात तिथलाच तांबडा दगड घातलाय, त्यामुळे रस्ताही कड्यांच्याच रंगाचा आहे. सहा मोठी वळणं चढली की बोगदा. १९३० सालचा, १.१ मैल लांब, आत दिवे नाहीत. खोदताना राडारोडा बाहेर टाकायला डोंगराच्या बाजूला मोठ्या खिडक्या पाडल्या होत्या, त्या अजून तशाच आहेत. अंधारात जाता जाता अचानक उजेडाचा एक चौकोन येतो, त्यात समोरचा लाल कडा दिसतो आणि पुन्हा अंधार. डोक्यावर काही नसल्यामुळे दगडाचा गारवा थेट अंगावर येत होता आणि इंजिनाचा आवाज छताला लागून परत येत होता. आत थांबायला मनाई आहे, म्हणून मी हळू चाललो होतो. बाहेर पडल्यावर आबा इतकंच म्हणाले, "हयू चालव भो, जंगल काही पयून नही जात."

माझ्या मते बिनटपाच्या गाडीचं सगळं मर्म याच वाक्यात आहे. उद्यानांतल्या रस्त्यांवर मर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ३५ मैल किंवा त्याहून कमी असते, म्हणजे आपले ५५ किलोमीटर. त्या वेगाला वारा सोसतो, पक्षी ऐकू येतात, वास येतो. त्याच्या वर गेलात की नुसती घरघर उरते.

ब्राइस कॅन्यनला आम्ही तिसऱ्या दिवशी सूर्य उगवायला पोचलो. तिथला माथा आठ-नऊ हजार फुटांवर, त्यामुळे सप्टेंबरातही पहाटे हात बधिर होतात. टप उघडा, हीटर पायांवर सोडलेला आणि आईने सावद्याहून आणलेली गोधडी मागे दोघींच्या अंगावर. उद्यानातला रस्ता १८ मैलांचा आहे, आत जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. तिथे गाड्या उजवीकडून चालतात आणि बघायच्या जागा जाताना डावीकडे पडतात. म्हणून आधी सरळ शेवटच्या रेनबो पॉइंटपर्यंत जा, ९,११५ फुटांवर, आणि परतताना एकेक जागा उजव्या हाताला घेत या. समोरून येणाऱ्या गाड्यांमधून वळावं लागत नाही.

रेनबो पॉइंटजवळ आबा एका मोठ्या पाँडेरोसा पाइनपाशी गेले आणि सालीच्या भेगेला नाक लावून उभे राहिले. ऊन लागलं की त्या सालीला व्हॅनिलासारखा गोड वास सुटतो. आबांना व्हॅनिला काय माहीत. ते म्हणाले, उन्हात सालई तापते तेव्हा असाच वास येतो, फक्त हा जरा गोड आहे. मग खोडाचा जळका बुंधा दाखवून त्यांनी विचारलं की इथे वणवा लागला होता का. तिथले लोक ठरवून, हवामान पाहून, खालचा पालापाचोळा जाळतात, म्हणजे पुढे मोठा वणवा लागत नाही. बहिणीने फलकावरचं वाचून दाखवलं तेव्हा आबा बराच वेळ त्या बुंध्याकडे पाहत होते. फेब्रुवारी-मार्चात जाळरेषा जाळायचं काम त्यांनी जन्मभर केलंय.

सगळ्यात सुंदर रस्ता मात्र उद्यानाच्या बाहेर निघाला. ब्राइस आणि कॅपिटल रीफ यांना जोडणारा राज्य मार्ग १२, साधारण २०० किलोमीटर. एस्कलांटे आणि बोल्डर या गावांमध्ये रस्ता एका अरुंद धारेवरून जातो, त्याला हॉगबॅक म्हणतात. दोन्ही बाजूंना खोल उतार आणि कठडा नाही. कधीकाळी या बोल्डर गावात टपाल खेचरांवरून यायचं, इतकं ते आडबाजूला होतं. त्या धारेवर आबांनी डोक्याचा बागायती रुमाल सोडला, घडी करून मांडीखाली ठेवला आणि दोन्ही हात नुसते गुडघ्यांवर ठेवून बसले. वारा केसांतून जात होता. मी त्यांना असं मोकळ्या डोक्याने गाडीत बसलेलं तीसेक वर्षांनी पाहिलं.

त्याच दिवशी फजितीही झाली. बोल्डरच्या पुढे रस्ता साडेनऊ हजार फुटांवर चढतो. अॅस्पेन झाडांची पानं पिवळीधमक झाली होती. बघता बघता ढग आले आणि बारीक गारा पडायला लागल्या. गाडी बाजूला घेतली, बटण दाबलं, टप अर्ध्यावर आला आणि अडकला. पुन्हा दाबलं, पुन्हा तिथेच. आई भिजली, सीटवर गारांचा थर साचला. शेवटी आबा मागे वाकले, टप घडी होऊन बसतो त्या खाचेत हात घातला आणि गोधडी ओढून काढली. सकाळी ऊन झाल्यावर आम्हीच ती तिथे कोंबली होती. खाचेत काही असेल तर यंत्र पुढे सरकत नाही, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर कापड फाटलं असतं. तेव्हा घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, मागच्या खाचेत रुमालसुद्धा ठेवायचा नाही, आणि गाडी ताब्यात घेतल्यावर तिथल्या तिथे टप दोनदा उघडून-लावून बघायचा.

शेवटचं कॅपिटल रीफ. लाल कड्यांच्या मधोमध फ्रुटा नावाची जुनी वस्ती आहे, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी लावलेल्या फळबागांची. वस्ती उठली पण बागा उद्यानाने राखल्या आहेत. मोसमात झाडाखाली उभं राहून खाल तेवढं फुकट. घरी न्यायची तर वजन करून पैसे पेटीत टाकायचे. आमच्या वेळी सफरचंदं होती. झाडांना पाणी अजून नदीवरून काढलेल्या पाटांनी, उताराने येतं. आमची केळी आता ठिबकवर आहेत, पण आबांचं लहानपण पाटाच्या पाण्यावर गेलं. गाडीचं दार उघडायचंही त्यांना सुचलं नाही, बसल्या जागेवरूनच पाटाकडे बोट दाखवून ते आईशी बोलत राहिले.

कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. माहिती आहे तेवढी देतो.

तापीकाठ

दादा, वाचता वाचता डोळे भरून आले. माझे सासरे एसटीत ड्रायव्हर होते, त्यांनाही असं न्यायचं राहून गेलं.

आता कामाचे प्रश्न. पुढच्या वर्षी मुलाकडे डेन्व्हरला जायचं आहे. १) आपला परवाना चालतो का? २) चार माणसं आणि चार बॅगा बसतात का? ३) मागे बसणाऱ्यांना खरंच त्रास होतो का? मला कानाचा त्रास आहे.

सावदेकर

ताई, परवान्यावर सगळा मजकूर इंग्रजीत असेल तर बऱ्याच राज्यांत चालतो. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. तो एक वर्ष चालतो आणि काउंटरवर वाद होत नाही.

चार माणसं बसतात, चार बॅगा बसत नाहीत. दोन मध्यम बॅगांत डिकी संपली. बाकीचं सामान आम्ही बहिणीच्या घरी ठेवलं आणि पाच दिवसांचे कपडे मऊ पिशव्यांत घेतले. कडक बॅगा नकोच.

मागच्या सीटवर वारा पुढच्यापेक्षा जास्त लागतो हे खरं आहे. पुढची काच वारा उडवते आणि तो मागच्यांच्या मानेवर येऊन पडतो. टप उघडा ठेवून चारही खिडक्यांच्या काचा वर केल्या की निम्मा त्रास जातो. आम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळलं. तुमच्या कानांसाठी कानटोपी घ्याच, आणि दर दोन तासांनी जागा बदला. आई कॅपिटल रीफला पुढेच बसली होती.

एक सांगायचं राहिलं. आम्ही ठरवलेली गाडी मिळाली नाही. काउंटरवर दोन तास थांबवून दुसऱ्याच बनावटीची दिली, आणि आधीच घेतलेला विमा पुन्हा घ्यायला लावत होते. बहिणीने ठामपणे कागद दाखवले म्हणून सुटलो. बुकिंगचे सगळे कागद छापून न्या.

अमळनेरची_लेक

मी कोलोराडोत आठ वर्षं आहे, म्हणून ताईंसाठी लिहिते. डेन्व्हरला येताय तर रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधला ट्रेल रिज रोड चुकवू नका. एस्टेस पार्कपासून ग्रँड लेकपर्यंत ४८ मैल, आणि सर्वांत उंच जागा १२,१८३ फूट. बरेच मैल रस्ता झाडं संपतात त्याच्या वरून जातो. दोन्ही बाजूंना नुसतं गवत, दगड आणि आभाळ. टप उघडा असला की आपण डोंगराच्या पाठीवर बसलोय असं वाटतं.

पण दोन गोष्टी जिवाच्या आहेत. माझे सासू-सासरे धुळ्याहून आले आणि तिसऱ्याच दिवशी आम्ही त्यांना वर नेलं. सासऱ्यांना धाप लागली, डोकं दुखायला लागलं, ओठ निळसर झाले. आम्ही लगेच खाली उतरलो तेव्हा कुठे बरं वाटलं. आधी दोन-तीन दिवस डेन्व्हरला राहू द्या, भरपूर पाणी पाजा, मग एक रात्र एस्टेस पार्कला आणि मगच वर. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

दुसरं, जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वर विजा कोसळतात. सकाळी जा आणि दुपारच्या आत झाडांच्या खाली उतरा. कापडी टप विजेपासून वाचवत नाही. रस्ता साधारण मेच्या अखेरीस उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्यात बंद होतो, तेव्हा तिकीट त्या बेताने काढा.

उंचीवर ऊनही वेगळंच लागतं. हवा गार असते म्हणून कळत नाही, आणि संध्याकाळी नाक-कान भाजलेले असतात. सावदेकर दादांच्या आबांचा रुमाल हा सगळ्यात चांगला उपाय. टोपी उडते, बांधलेला रुमाल उडत नाही.

निंबाचं_झाड

लेख आवडला, पण माझं मत थोडं वेगळं आहे, मनापासून मांडतो.

वय झालेल्या आईवडिलांना घेऊन स्वतः अनोळखी घाटात गाडी चालवणं हा ताणच असतो. चालवणाऱ्याला काहीच बघता येत नाही. आम्ही मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला गेलो तेव्हा तिथल्या लाल बसमध्ये बसलो. या बस १९३६ ते १९३९ दरम्यान बनलेल्या, ३३ आहेत, आणि त्यांचा कॅनव्हासचा टप गुंडाळून मागे घेता येतो. जुन्या काळी गिअर टाकताना खडखडायचे, त्यावरून तिथल्या ड्रायव्हरांना अजून जॅमर म्हणतात. बस थांबली की सगळे उभे राहून कडे बघतात, आणि ड्रायव्हर प्रत्येक धबधब्याचं नाव सांगतो.

तो रस्ता म्हणजे गोइंग-टू-द-सन रोड, सुमारे ५० मैल, १९३२ साली पुरा झालेला, लोगन पासला ६,६४६ फूट. मधल्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे, इतका तो कड्याला चिकटून जातो. बर्फामुळे पूर्ण रस्ता जूनच्या शेवटी किंवा जुलैत उघडतो. माझ्या वडिलांना कुठेही पायी चालवत नव्हतं, पण त्या बसमध्ये ते प्रत्येक थांब्यावर उभे राहायचे, पुढच्या सीटची कड धरून.

सावदेकर

काका, हे मला आधी कळलं असतं तर मीही विचार केला असता. चालवणाऱ्याला कमी दिसतं हे अगदी खरं आहे. आम्ही भाऊ-बहीण आलटून पालटून चालवत होतो म्हणून निभावलं. एकटा चालक असेल तर तुमचाच सल्ला बरोबर.

बागलाणची_सून

माझी मुलं तीन आणि सहा वर्षांची आहेत. अशा गाडीत मुलांची सीट बसते का? आणि मध्येच उठून उभी राहिली तर?

सावदेकर

वहिनी, माझ्या मते एवढ्या लहान मुलांना घेऊन ही गाडी नको. दारं दोनच, मागची जागा अडचणीची, आणि मुलांची सीट पुढची सीट वाकवून आत ढकलावी लागते. बहिणीने स्वतःची मुलं घरी ठेवली ती याच कारणाने. वाऱ्याने मुलांचे डोळे चुरचुरतात आणि ती झोपली तर ऊन तोंडावर येतं. बंद गाडीच घ्या, आणि प्रत्येक थांब्यावर मुलांना खाली उतरवा. कॅपिटल रीफच्या बागेत त्यांना फार आवडेल.

शहादा_ते_धडगाव

दादा, अमेरिकेचं तुम्ही सगळ्यांनी सांगितलं, मी आपल्या सातपुड्याचं सांगतो. आपल्या खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांत राष्ट्रीय उद्यान एकही नाही. यावल, अनेर, गौताळा ही अभयारण्यं आहेत, आणि राखीव जंगल आहे. पण रस्ते कुठे कमी आहेत?

शहाद्याहून तोरणमाळला सात पायरीचा घाट चढतो. ऑगस्टच्या शेवटी, पावसाची उघडीप असेल त्या दिवशी सकाळी सहाला उघड्या जीपने चढा. ढग रस्त्यावर उतरलेले असतात, कुठल्यातरी वळणावर पावरा बाई डोक्यावर मोळी घेऊन कडेने चाललेली असते, आणि वर पोचलात की यशवंत तलावाचं पाणी. सीताखाईच्या कड्यावर बसून माझ्या मामाने कांद्याची चटणी आणि कळण्याची भाकरी सोडली, ती चव मला आजपर्यंत दुसरीकडे मिळाली नाही.

आणि एक गोष्ट खानदेशातल्या प्रत्येकाला माहीत असावी असं मला वाटतं. वनपिंगळा नावाचं छोटं घुबड. १८७३ मध्ये शास्त्रात नोंदलं गेलं आणि १८८४ नंतर कोणाला खात्रीने दिसलंच नाही. मधे १९१४ सालची म्हणून एक नोंद होती, पण तो पक्षी संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ते उघड केलं, खोट्या जागा बाद केल्या आणि खऱ्या जुन्या जागा शोधत त्या बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्याबरोबर आपल्याकडे आल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, एका उघड्या फांदीवर तो बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! इतर घुबडांसारखा हा रात्रीचा नाही, दिवसाउजेडी बसतो. माझं गाव तिथून जवळ. लहानपणी आम्ही त्याच रानात गुरं चारायचो, आणि डोक्यावर काय बसलंय हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

म्हणून कळकळीने सांगतो. आता दर रविवारी मोठ्या आवाजात गाणी लावून उघड्या गाड्यांचे ताफे घाटात येतात, बाटल्या फेकतात. गेल्या पावसाळ्यात आम्ही चार पोरांनी एका वळणावरून तीन पोती बाटल्या उचलल्या. उघडी गाडी घेतली तर आवाज बंद ठेवा. ऐकण्यासाठीच तर टप काढलाय ना?

पांझराकाठ

भाऊ, तुन्हा आबास्ले मन्हा राम राम सांग!

फ्रुटाच्या पाटांचं वाचून राहवलं नाही. आमच्या साक्री-धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत आहे, कित्येक पिढ्यांची. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि शिवाराचे चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दर वर्षी पिकं फिरवायची. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, त्यांचं वेतन सगळे मिळून देणार. यंत्र नाही, मोटार नाही, उताराने पाणी जातं. माझे आजोबा पाटकरी होते. आता धरणं झाली, विहिरी झाल्या, बरेच फड मोडले. अमेरिकेत तसलेच पाट सरकार जपतंय आणि लोक गाडीतून उतरून बघतात हे वाचलं तेव्हा बरंही वाटलं आणि वाईटही. आपल्याकडे कोणी पाहुणा आला तर मी त्याला आधी बंधाऱ्यावर नेतो, मग शेवभाजी.

पाटणादेवी_रोड

चाळीसगावहून पाटणादेवीकडे जाताना गौताळा अभयारण्य लागतं. १९८६ साली जाहीर झालं, क्षेत्र २६० चौरस किलोमीटर. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात जा. केदारकुंड, धवलतीर्थ, वरती पितळखोऱ्याची लेणी. पाटण हे भास्कराचार्यांशी जोडलेलं गाव. मार्चनंतर मात्र सकाळी नऊच्या पुढे उघड्या गाडीत बसू नका, खडक तापला की खालून आणि वरून दोन्हीकडून भाजतं.

अमळनेरची_लेक

उद्यानांच्या प्रवेशाचं कोणी लिहिलं नाही. १ जानेवारी २०२६ पासून नियम बदललेत. अमेरिकेत राहणाऱ्यांना वार्षिक पास ८० डॉलरलाच आहे, पण बाहेरून येणाऱ्यांना २५० डॉलर. आणि पास नसेल तर ११ मोठ्या उद्यानांत नेहमीच्या प्रवेशाखेरीज माणशी १०० डॉलर जादा. झायन, ब्राइस, रॉकी माउंटन, ग्लेशियर, यलोस्टोन हे सगळे त्यात आहेत. कॅपिटल रीफ त्या ११ मध्ये नाही. आईवडील व्हिजिटर व्हिसावर येणार असतील तर हा खर्च आधी धरा.

सावदेकर

धन्यवाद ताई, आमच्या वेळी ८० डॉलरच्या एका पासवर सगळं झालं होतं. आता कुटुंबाचा हिशोब बराच बदलेल.

ऊन हा आईचा मुद्दा होता, त्याचं उत्तर राहिलं. अकरा ते चार आम्ही टप लावून, एसीत किंवा झाडाखाली काढले. एकदाच, झायनला पोचलो त्या दुपारी, महामार्ग सुटल्यावर मी हट्टाने टप उघडा ठेवला आणि आईला संध्याकाळी उलट्या झाल्या. पुन्हा केलं नाही. पहाट आणि संध्याकाळ मिळून रोज चार-पाच तास खरे उघडे मिळतात, आणि तेवढे पुरतात.

काल रात्री हा अख्खा धागा आबांना वाचून दाखवला. वनपिंगळ्याचं दोनदा वाचायला लावलं. पालच्या रानातही एकदा दुपारी तसलं घुबड पळसावर बसलेलं पाहिल्याचं ते म्हणतात, नाव माहीत नव्हतं म्हणून कोणाला सांगितलं नाही. मग तुमच्या सगळ्यांसाठी निरोप दिला, तो तसाच लिहितो. दिवाळीनंतर पालला जायचं आहे. मित्राची जुनी जीप आहे, टप निघतो, ब्रेक त्यांनी स्वतः पाहून घेतलेत. सावद्याहून पहाटे पाचला निघायचं, खिरोद्याला चहा, उजाडायच्या आत घाट चढायचा. घाटात हॉर्न मारायचा नाही. मागच्या बाकावर तिघांची जागा आहे.

शहादा_ते_धडगाव

दादा, एक जागा माझी धरा. आदल्या रात्रीच सावद्याला येऊन राहतो. दुर्बीण माझ्याकडे आहे.

पांझराकाठ

आणि एक मन्ही. भरीत मी आणतो, भाकरी तुम्ही बघा.